पानांतील अन्न आणि मनांतील भीति

आपल्या घरांतून अन्न हें केवळ पोट भरण्याचें साधन नसतें. ती घराची एक भाषाच असते. जांवई आला म्हणजे पानांत पडणारी तुपाची धार कांहींतरी बोलते. मूल रुसलें म्हणजे त्यानें न घेतलेला घांस बोलतो. आणि पंगतींत 'आणखी एकच' म्हणून केलेला आग्रह तर फारच मोठ्यानें बोलतो. एकत्र कुटुंबांत दोन माणसें चार दिवस एकमेकांशीं बोललीं नाहींत तरी घर चालतें. पण एक माणूस पानावर आलें नाहीं, कीं वाढणारीचा हात अडतो. अशा घरांत ज्याला अन्नाचीच भीति वाटूं लागते, त्याचें दुखणें एकट्या पोटाचें राहत नाहीं. त्या दुखण्याविषयीं, आणि तें हलकें करणाऱ्या एका नव्या शिक्षणाविषयीं, आमच्या घरचा अनुभव वाचकांपुढें ठेवावा असें मनांत आहे.

ज्या रोगासंबंधानें आम्ही लिहीत आहों त्याला डॉक्टर 'इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज' म्हणतात. मराठींत त्याला आंतड्यांचा दाहरोग म्हटल्यास चालेल. त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला 'अल्सरेटिव्ह कोलायटिस'. यांत मोठ्या आंतड्याच्या आंतील अस्तराला सूज येऊन व्रण पडतात. वरचेवर शौचास जावें लागतें, रक्त व आंव पडते, पोटांत कळा येतात. दुसरा 'क्रोन' याच्या नांवाचा रोग. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गाच्या कोणत्याहि भागांत होऊं शकतो. पुष्कळदां तो लहान आंतड्याच्या शेवटच्या टोंकाशीं असतो, आणि त्याचा दाह आंतड्याच्या भिंतींत खोलवर जातो. पहिल्या रोगाचें वर्णन लंडनचे सॅम्युअल विल्क्स यांनीं १८५९ सालीं केलें. दुसऱ्यावरील प्रसिद्ध निबंध न्यूयॉर्कचे बरिल क्रोन यांनीं गिन्झबर्ग व ओपेनहायमर या सहकाऱ्यांसह १९३२ सालीं लिहिला. स्वीडनमधील नान्ना स्वार्ट्झ या विदुषी डॉक्टरांनीं पुढें आणलेलें सल्फासलाझीन हें औषध आजहि वापरांत आहे. आणि १९९८ सालीं अमेरिकेंत क्रोनच्या रोगासाठीं इन्फ्लिक्सिमॅब या औषधास मान्यता मिळाल्यापासून उपचारांची एक निराळीच शाखा वाढली आहे.

हा रोग स्पर्शानें होत नाहीं. एकाच ताटांत जेवल्यानेंहि होत नाहीं. आनुवंशिक कल, शरीराची संरक्षक शक्ति, आंतड्यांतील सूक्ष्म जंतु आणि राहणीमान या सर्वांच्या गुंतागुंतींतून तो उद्भवतो. अमुक एक पदार्थ खाल्ला म्हणून झाला, असें म्हणतां येत नाहीं. औषधांनीं तो समूळ जात नाहीं, परंतु दीर्घकाळ शांत ठेवतां येतो. कधीं भडका, कधीं शांतता, असा त्याचा क्रम असतो. पूर्वीं हा पाश्चात्य देशांचा रोग समजला जाई. आतां तो आपल्याकडेहि चांगलाच परिचित झाला आहे. आपल्याकडे आणखी एक अडचण ही कीं, क्रोनचा रोग आणि आंतड्यांचा क्षय यांचीं लक्षणें इतकीं मिळतींजुळतीं असतात कीं, जाणत्या डॉक्टरांसहि निदानाला वेळ लागतो.

आमच्या पुण्याच्या घरीं लहानथोर मिळून नऊ माणसें. आमच्या धाकट्या बंधूंची सून २०१८ सालीं अल्सरेटिव्ह कोलायटिसनें आजारी पडली. तेव्हां ती सत्तावीस वर्षांची होती; लग्नाला दोन वर्षें झालीं होतीं. औषधें सुरू झालीं आणि सहा-सात महिन्यांत रक्त पडणें थांबलें. पण घरांत औषधांबरोबर सल्लेहि सुरू झाले होते. थोरल्या वहिनींच्या मतें दहींभाताखेरीज कांहीं देऊं नये. आत्याबाईंच्या मतें दहीं हेंच रोगाचें मूळ. कोणी गहूं बंद करावयास सांगितलें, कोणी दूध, कोणी सर्व डाळी. एका दूरच्या आप्तांनीं तर, परदेशांतील कोणा बाईनें केवळ हाडांचा रस्सा पिऊन हा रोग घालविल्याची चित्रफीत मोबाईलवर पाठविली. ज्या घरांत अंडेंहि येत नाहीं त्या घरांत! प्रत्येक सल्ला प्रेमाचा होता. आणि प्रत्येक सल्ल्यानें तिच्या पानांतील एकेक पदार्थ कमी होत गेला.

दीड वर्षानें तिच्या पानांत काय उरलें? मऊ भात, मुगाचें वरण आणि उकडलेला दुधीभोपळा. वजन बावन्न किलोंवरून त्रेचाळीसवर आलें. रोग शांत होता, तरी ती जेवत नव्हती. प्रवासाच्या आदल्या दुपारपासून ती पाण्यावर राही. लग्नकार्याचें आमंत्रण आलें कीं मांडवांत शौचकूप कोणत्या बाजूस आहे, हा तिचा पहिला प्रश्न. आणि तो प्रश्न विचारण्याची लाज वाटे म्हणून बहुधा जाणेंच टळे. पंगतींत बसली तर चौघांचे डोळे तिच्या पानाकडे लागत. कोणी म्हणे, 'एवढ्यानें काय होणार?' दुसरें कोणी लगेच म्हणे, 'तिला तें देऊं नका हो, बाधेल.' शेवटीं ती सर्वांच्या मागून, एकटी, स्वयंपाकघरांत जेवूं लागली. तिच्यासाठीं निराळ्या पातेल्यांत शिजूं लागलें, तेव्हां ती एकदां आमच्या पत्नीस म्हणाली, "मोठ्या काकू, वेगळी चूल मांडल्यासारखें वाटतें मला." एकत्र कुटुंबांतील सुनेच्या तोंडीं हें वाक्य किती जड असतें, तें वाचकांस सांगावयास नको.

आश्चर्य असें कीं, त्याच सुमारास तिच्या तपासण्या उत्तम येत होत्या. दुर्बिणीनें पाहतां व्रण भरून आले होते. म्हणजे आंतडें सुधारलें होतें आणि माणूस उपाशी होतें. ही विसंगति आमच्याच घरची नव्हे, हें आम्हांस पुढें कळलें. जगभरच्या रुग्णांत ती इतकी आढळते कीं, जेवणामुळें जीवनांत येणारें सुख वा दुःख मोजण्याची रीतच संशोधकांनीं बसविली आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील संशोधकांनीं आपल्या सहकाऱ्यांसह २०१६ सालीं अशा रुग्णांसाठीं एकोणतीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. शौचास कितीदां जावें लागतें, हा तिचा विषय नाहीं. जेवणांत आनंद उरला आहे काय, खातांना धास्ती वाटते काय, चार माणसांत बसून जेवतां येतें काय, अशा गोष्टींचा ती विचार करते. ज्या दुःखाला आजवर मोजमाप नव्हतें त्याला एकदां मोजमाप मिळालें, म्हणजे निदान तें दुःख आहे एवढें तरी मान्य होतें.

आतां त्या शिक्षणाकडे वळूं. २५ मार्च २०२० रोजीं देशांत टाळेबंदी सुरू झाली, आणि त्याच दिवशीं डॉक्टरांनीं दूर अंतरावरून सल्ला कसा द्यावा यासंबंधीं सरकारी मार्गदर्शक नियम प्रसिद्ध झाले. पुढच्याच महिन्यांत सरकारची 'ई-संजीवनी' ही सेवा लोकांना घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला देऊं लागली. जें वर्षानुवर्षें अशक्य वाटत होतें तें गरजेनें चार आठवड्यांत घडविलें. त्या पावसाळ्यांत आमच्या सूनबाईच्या डॉक्टरांनीं तिला एका आहारतज्ज्ञ बाईंचा इंटरनेटवरील वर्ग सुचविला. दर शनिवारीं एक तास, असे सहा शनिवार. वर्गांत नागपूर, रत्नागिरी, बेळगांव अशा निरनिराळ्या गांवचे दहा-बारा रुग्ण होते.

सूनबाईची इच्छा आपल्या खोलीचें दार लावून ऐकण्याची होती. परंतु बाईंनीं पहिल्याच दिवशीं प्रत्येकास विचारलें, "तुमच्या घरीं स्वयंपाक कोण करतें, आणि वाढतें कोण? त्यांना पुढच्या वेळीं घेऊन बसा." या एका प्रश्नांत त्या वर्गाचें सारें मर्म होतें, असें आमचें मत आहे. दवाखान्याच्या खोलींत रुग्ण आणि एखादा सोबती यांपलीकडे कोणी मावत नाहीं. तेथें ऐकलेला उपदेश घरीं येईपर्यंत निम्मा होतो, आणि सासूच्या कानीं पडेपर्यंत त्याचा अर्थहि पालटतो. आमच्या माजघरांत मात्र पुढच्या शनिवारीं आठ माणसें पडद्यासमोर बसलीं. चौऱ्यायशीं वर्षांच्या आमच्या मातोश्री आरामखुर्चींत सर्वांच्या पुढें. जें शिक्षण एका रुग्णासाठीं होतें तें घराचें शिक्षण झालें.

त्या वर्गांत जें सांगितलें गेलें त्यांतील मुख्य गोष्टी येथें देतों. पहिली ही कीं, या रोगाला सर्वांना सरसकट लागू पडेल असा एकच ठराविक आहार नाहीं. युरोपांतील 'एस्पेन' या पोषणविषयक संस्थेनें २०१७ सालच्या आपल्या मार्गदर्शनांत हेंच सांगितलें आहे. याचा अर्थ आहाराला कांहींच महत्त्व नाहीं असा मात्र नव्हे. क्रोनचा रोग झालेल्या मुलांना सहा ते आठ आठवडे नेहमींच्या अन्नाऐवजीं केवळ विशिष्ट पातळ पोषक अन्न देणें, हा मान्यता पावलेला उपचार आहे. पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखालींच करावयाचा असतो.

दुसरी गोष्ट, भडक्याच्या दिवसांतील पथ्य आणि शांततेच्या दिवसांतील जेवण हीं निराळीं आहेत. भडका असतांना मऊ, कमी चोथ्याचें अन्न थोडें थोडें घ्यावें. क्रोनच्या ज्या रुग्णाचें आंतडें एखाद्या ठिकाणीं अरुंद झालें आहे, त्यानें सालें, बिया, कच्च्या भाज्या यांविषयीं डॉक्टरांना विचारून सावध राहावें. परंतु ज्याला तशी अडचण नाहीं आणि ज्याचा रोग शांत आहे, त्यानें भाज्या, फळें व डाळी जन्मभर टाकून देण्याचें कारण नाहीं. त्या क्रमाक्रमानें परत आणाव्या. आधीं सोललेलें व नीट शिजविलेलें, मग वाटीच्या तळाला पुरेल एवढी उसळ, मग कोशिंबिरीचा एखादा चमचा. आपल्याकडे होतें तें असें कीं, भडक्याच्या आठवड्यांत लावलेलें पथ्य काढावयास कोणीच येत नाहीं, आणि तें वर्षानुवर्षें पानांत ठाण मांडून बसतें.

तिसरी गोष्ट दुधाची. दुधांतील साखर पचविण्याची शक्ति आपल्यांतील पुष्कळ प्रौढ माणसांत मुळांतच कमी असते. ती या रोगाहून निराळी बाब आहे. दुधानें त्रास होत असेल त्यालाहि दहीं-ताक बहुधा मानवतें, कारण त्यांत ती साखर कमी असते. स्टेरॉइड जातीचीं औषधें फार दिवस घेतल्यास हाडें ठिसूळ होतात, म्हणून कॅल्शियम देणारे पदार्थ विचार न करतां सोडणें बरें नव्हे. त्याचप्रमाणें रक्त जाण्यामुळें लोहाची उणीव होते. आणि बी-बारा हें जीवनसत्त्व लहान आंतड्याच्या शेवटच्या भागांत शोषलें जात असल्यानें, तेथें क्रोनचा रोग असेल तर तें कमी पडतें. शाकाहारी माणसाला तें आधींच जपावें लागतें. यासाठीं अंदाज करीत न बसतां रक्ताची तपासणी करावी.

चौथी गोष्ट टिपणवहीची. काय खाल्लें एवढेंच तींत लिहावयाचें नाहीं; झोंप किती झाली, मनाला काय लागलें, औषध वेळेवर घेतलें काय, तेंहि लिहावयाचें. एका वेळीं एकच बदल करावा. एखादा पदार्थ बंद केला असेल तर कांहीं दिवसांनीं त्याला थोड्या प्रमाणांत पुन्हा संधि द्यावी. सूनबाईनें तीन आठवड्यांची वही वाचून पाहिली तेव्हां तिच्या ध्यानांत आलें कीं, ज्या चार दिवशीं पोट बिघडलें त्यांपैकीं तीन दिवस कार्यालयांतील कामाच्या ताणाचे व अपुऱ्या झोंपेचे होते. आणि ज्या पोळीवर तिचा संशय होता ती पोळी तिनें त्या दिवशीं खाल्लीहि नव्हती.

पांचव्या शनिवारीं उपवासाचा विषय निघाला. वजन घटलेल्या रुग्णानें चातुर्मासांतले उपवास करूं नयेत, असें बाई स्पष्ट म्हणाल्या. तेव्हां आमच्या मातोश्रींनीं विचारलें, "बाई, उपवास नको म्हणतां तें पटलें. पण नैवेद्याचें पान ती परत सारते, त्याचें काय? देवाचा प्रसादहि बाधतो का?"

बाई हंसून म्हणाल्या, "आजी, प्रसादाचा कणहि प्रसादच ना? किती घ्यावयाचा तें तिला ठरवूं द्या. तुम्ही वाढूं नका, वाटी तिच्यापुढें ठेवा."

मातोश्री थोडा वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "म्हणजे आग्रह करावयाचा नाहीं, आणि हात धरावयाचाहि नाहीं." सहा शनिवारांचें सार इतक्या थोडक्या शब्दांत दुसऱ्या कोणी सांगितल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं.

त्यानंतर घरांत तीन साधे नियम झाले. वरणाला व भाजीला तिखट-फोडणी पडण्यापूर्वीं एक वाटी बाजूस काढावयाची. म्हणजे पातेलें एकच, चूल एकच. सूनबाईनें सर्वांबरोबर पहिल्याच पंगतीला बसावयाचें. आणि तिच्या पानाविषयीं कोणीहि, चांगलें वा वाईट, कांहीं बोलावयाचें नाहीं. तिसरा नियम पाळणें सर्वांत कठीण गेलें. आत्याबाई तर वाढतांना ओंठ घट्ट मिटून घेत. त्या वर्षींच्या गणेशचतुर्थीला सूनबाईनें अर्धा मोदक घेतला. कोणी पाहिलें नाहीं असें सर्वांनीं दाखविलें. दुसऱ्या दिवशीं तिनें आपल्या हातानें डबा उघडून एक सबंध मोदक खाल्ला. पुढील दीड वर्षांत वजन एकोणपन्नास किलोंवर आलें. याचें सारें श्रेय वर्गाला देणें योग्य होणार नाहीं. औषध चालूच होतें, आणि डॉक्टरांनीं त्यांत फेरबदलहि केला होता. पण भीति गोळीनें गेली नाहीं, एवढें आम्ही निश्चयानें म्हणूं शकतों.

२०२२ सालच्या हिवाळ्यांत रोगानें पुन्हा उचल खाल्ली. कांहीं दिवस रुग्णालयांत काढावे लागले. त्या आठवड्यांत घरांतील एकाहि माणसानें तिला 'काय खाल्लें होतेंस?' असें विचारलें नाहीं. हा प्रश्न वरून काळजीचा दिसतो. पण ऐकणाऱ्याला तो आरोपासारखा लागतो. दुखण्याचा भार वाहणाऱ्यावर दोषाचाहि भार घालूं नये, हें त्या वेळीं घराला न सांगतां कळलें होतें.

इंटरनेटवरच्या शिक्षणाच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. पडद्याला पोट चाचपतां येत नाहीं. शौचावाटे रक्त पडूं लागलें, ताप आला, पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, रात्रीं झोंपेंतून शौचासाठीं उठावें लागूं लागलें किंवा वजन घसरूं लागलें, तर वर्ग बाजूस ठेवून डॉक्टरांकडे जावें. शिवाय त्याच पडद्यावर सोनें आणि पितळ एकाच भावानें विकलें जातें. शिकविणारा प्रशिक्षित आहारतज्ज्ञ आहे काय, तो डॉक्टरांच्या संगतीनें काम करतो काय, शेवटीं एखादी भुकटी विकत घ्यावयास सांगतो काय, हें पाहावें. 'आहारानें बरें वाटतें, तर औषध सोडा' असें जो सांगेल त्याचा वर्ग तेथेंच बंद करावा. बरें वाटत असतांना औषध घेत राहणें हेंच या रोगांत बरें राहण्याचें साधन आहे.

दरसाल १९ मे हा दिवस या रोगाविषयींच्या जागृतीसाठीं जगभर पाळला जातो. त्या दिवशीं व्याख्यानें होतील, लेख येतील. पण या रोगाची खरी परीक्षा रोज दोन वेळां, आपल्या स्वयंपाकघरांत होते, आणि तेथें परीक्षेला रुग्ण एकटा बसत नाहीं. वाढणारे हातहि बसतात. आपल्या आप्तांत, शेजारांत असें एखादें माणूस असेल, कीं जें कार्यप्रसंगीं येत नाहीं, आलें तर जेवत नाहीं, आणि जेवलें तर मान खालीं घालून जेवतें. त्याला 'कां जेवत नाहींस?' असें विचारण्यापेक्षां 'तुला काय वाढूं?' असें विचारावें; आणि तें जें सांगेल तेवढेंच वाढून त्याच्या शेजारीं आपलें पान मांडावें.